तिसऱ्या मजल्यावरचे ओले बूट

१

नमिताला माणसांचे चेहरे लक्षात राहायला वेळ लागे. चपला मात्र एकदा बघितल्या की बघितल्या. बोनकोडे गावठाणातलं ते तीन मजली घर तिच्या सासऱ्यांनी, देवजींनी, सरकारने नव्या शहरासाठी जमिनी घेतल्यावर उभं केलं होतं. सासरे वारले, घर राहिलं. तळमजल्यावर नमिता, तिचा नवरा हितेश आणि सासू पुतळा. वर सगळे भाडेकरू. कोण कामावर गेलंय, कोण आजारपणाने घरी आहे, कुणाकडे गावचे पाहुणे उतरलेत, हे तिला दारापुढच्या चपला सांगत. लग्नाआधी ती उरणला एका कंटेनर यार्डाच्या ऑफिसात होती. चौकशा करायची खोड तिथलीच, असं हितेश म्हणायचा.

दुपारी पुतळाआई जेवून आडवी झाली की नमिता गच्चीवर जायची. तिथे बोंबील वाळत घातलेले असत. ते उलटायचे, कावळे हाकलायचे, टाकीत डोकवायचं आणि खाली यायचं. असं रोजचंच.

शिमगा होऊन गेला होता, ऊन तापू लागलं होतं. त्या दुपारी ती तिसऱ्या मजल्यावर पोचली आणि थबकली. तिथल्या खोलीत दोघी मायलेकी राहत. लेक भाविका वाशीला एका खासगी दवाखान्यात नर्स होती. तिची आई जैनी दिवसभर घरातच असायची. गडचिरोलीच्या पार टोकाकडच्या होत्या, एवढंच नमिताला माहीत होतं. दारापुढे जैनीच्या निळ्या रबरी सपाता नेहमीसारख्या होत्या. त्यांच्या शेजारी पुरुषाचे बूट होते.

हिरवट कापडी, घोट्यापर्यंतचे. नाड्या सोडून नीट आत खोचलेल्या. चिंब ओले. पाणी ठिबकून फरशीवर थारोळं झालं होतं, आणि तळव्यांना चिखल होता. तो लाल होता. खाडीकाठच्या माणसाला काळा चिखल ठाऊक असतो. नमिता त्याच्याच वासात वाढलेली. लाल चिखल तिने कोकणात जाता-येता एसटीतून बघितला असेल तेवढाच.

दार बंद होतं. आत भांड्याचा आवाज आला, वाढताना पळी पातेल्याच्या काठाला लागते तसा. बोलणं काही नाही.

'भाऊबिऊ आला असेल,' म्हणत ती वर गेली. पण बोंबील उलटताना तिचं लक्ष काही लागेना. पावसाचा थेंब नाही, आणि हा माणूस इतका भिजला कुठे?

ती खाली उतरली तेव्हा बूट नव्हते. थारोळं होतं. तिने वाकून पुढच्या पायऱ्या बघितल्या. त्या कोरड्या ठणठणीत होत्या.

२

"तिसऱ्यावर कोन आयलाय गो?" दोनचार दिवसांनी पुतळाआईने विचारलं. "सोनल बोलत होती."

सोनल म्हणजे समोरच्या घरातली. गावठाणात घरं इतकी खेटून की खिडकीतून हात काढला तर शेजारणीचं मीठ उचलता यावं. सोनलच्या खिडकीतून ह्यांचा जिना दिसायचा.

"कुणी नाही, आई. असेल नातेवाईक."

"नातेवाईक रोज येतो, नि दुपारचाच येतो? पोरगी कामावर, म्हातारी घरान एकली. मना नाय आवडत असला."

रोज येतो हे खरं होतं. नमिताने ते कुणाला सांगितलं नव्हतं, पण ती आता बोंबलांसाठी कमी आणि बुटांसाठी जास्त वर जात होती. रोज तेच बूट, तसेच ओले. गेटवर कॅमेरा होता. तिने हितेशच्या मोबाईलवर दुपारचं सगळं रेकॉर्डिंग पळवून बघितलं. पाणीवाला, गॅसवाला, सोनलचं मांजर. ओल्या बुटांचा माणूस गेटातून आत आला नव्हता आणि बाहेरही गेला नव्हता.

संध्याकाळी भाविका कामावरून आली. नमिताने तिला जिन्यातच गाठलं.

"भाविका, राग मानू नकोस. दुपारी तुमच्याकडे कुणी येतं का? बूट दिसले दारात."

नमिताला वाटलं होतं, ती लाजेल, चिडेल, नाहीतर कोणी मामा-काका सांगून मोकळी होईल. भाविकाने कठडा घट्ट धरला.

"किती जोड होते, वहिनी?"

"काय?"

"बूट. किती जोड?"

"एकच."

भाविकाने श्वास सोडला. "एक असेल तर ठीक आहे," ती म्हणाली आणि वर निघून गेली.

३

रविवारी भाविका स्वतःहून खाली आली. पुतळाआई देवळात गेली होती. नमिताने चहा टाकला. भाविकाने कपाला हात लावला नाही.

"आमच्या गावात ते जेवायला यायचे," ती म्हणाली. "जंगलातले. संध्याकाळी यायचे, दारात बूट काढायचे, बसायचे. नाही म्हणता येत नाही. हातात बंदूक असलेल्या माणसाला कोण म्हणेल, आज भात नाही? आणि दुसऱ्या दिवशी दुसरे यायचे, वर्दीतले. ते विचारायचे, काल कुणाच्या दारात बूट होते?"

"मग?"

"मग कुणीतरी सांगायचं. सांगणाराही भ्यायलेलाच असायचा." ती थांबली. "माझ्या बाबांना सकाळी नेलं. मी आश्रमशाळेत होते. भाविका हे नावसुद्धा तिथल्या सरांनीच ठेवलेलं. बाबा परत आले नाहीत. आता तिकडे शांत आहे म्हणतात. रस्ता झाला, टॉवर झाला. पण आई झोपत नाही, वहिनी. तेव्हापासून ती नीट झोपलेलीच नाही. भिंतीला टेकून दाराकडे बघत बसते."

"डॉक्टरांना दाखवलंस?"

"दाखवलं. मानसोपचाराचे डॉक्टर आहेत आमच्याच दवाखान्यात. गोळ्या चालू आहेत. ते म्हणाले, आईच कुठून तरी बूट मिळवत असेल, ओले करून ठेवत असेल. असं होतं म्हणे. जे घडलं ते माणूस पुन्हा पुन्हा मांडून बघतं." तिने नमिताकडे बघितलं. "मलाही पटतं ते. मी घर उलटंपालटं करून शोधलं. बूट सापडले नाहीत."

"अगं, लपवले असतील गच्चीवर कुठे."

"असतील." भाविकाने शेवटी कप उचलला. "ह्याच्या आधी दोन खोल्या सोडाव्या लागल्या आम्हाला. एक तुर्भ्याला, एक शिरवण्याला. लोक म्हणाले, बायकांच्या घरात पुरुष येतो. काय सांगणार त्यांना? वहिनी, एकच विनंती आहे. कुणी विचारलं तर तुम्ही काही बघितलं नाही असं म्हणा. मला नाही माहीत का, पण सांगितलं की वाढतं."

"काय वाढतं?"

 भाविकाने चहा एका घोटात संपवला.

नमिताने शब्द दिला. आणि शब्द देताना तिच्या मनात काय होतं? दया होती, खरंच होती. पण दयेच्याही वर उत्सुकता होती. म्हातारी बूट लपवते तरी कुठे?

४

दुसऱ्या दिवशी तिने वाटीत सुकटीचं कालवण घेतलं आणि जैनीचं दार वाजवलं. दारात फक्त निळ्या सपाता होत्या.

जैनी काही म्हातारी नव्हती. केस निम्मे काळे होते, कपाळावर गोंदण, अंगाने काटक. फक्त डोळे जुने झाले होते. तिने वाटी घेतली, नमिताला बसायला चटई सरकवली आणि स्वतः भिंतीला टेकून, दाराकडे तोंड करून बसली. खोलीत सामान फारसं नव्हतंच. खिडकीखाली गादी होती, तिच्या चादरीला एक सुरकुती नव्हती. स्वयंपाकाच्या ओट्याआड एक जुनी साडी पडद्यासारखी लावली होती. पडद्याच्या कडेने पातेलं दिसत होतं. दोन माणसांच्या घरात मावू नये एवढं मोठं, भाताने भरलेलं.

"मावशी, एवढा भात?"

"लागते," जैनी म्हणाली.

नमिता चटईवर मांडी घालून बसली. नमिताला बरं वाटलं. आपण इथे आहोत, बाईने बूट आणले तर आपल्या डोळ्यांदेखत आणेल.

मग दाराबाहेर काहीतरी ओलं, जड, फरशीवर ठेवल्याचा आवाज झाला. आधी एक. मग दुसरा.

जैनी उठली. पडद्याआड गेली. पळी काठाला लागली, ताट सरकलं. 'हीच वाढते आणि हीच जेवते,' नमिता मनाशी म्हणाली. तिला जैनीची फार कणव आली. तेवढ्यात जैनी बाहेर आली आणि तिच्या शेजारी, खांद्याला खांदा लावून बसली. तिचे दोन्ही हात मांडीवर होते.

पडद्याआड जेवणाचा आवाज चालूच होता.

भात कालवल्याचा. बोटं ताटावरून फिरल्याचा. नाकातून घेतलेला श्वास, भुकेला माणूस घेतो तसा.

"मावशी, आत..."

"बोलू नको," जैनी हलकेच म्हणाली. "जेवू दे त्यायले. भूक लागून रायते."

नमिताचं डोकं धावू लागलं. सोनलचं स्वयंपाकघर समोरच आहे. खिडकी उघडी असेल. सोनलचा नवरा दुपारी जेवायला येतो. भिंती पातळ आहेत, कंत्राटदाराने सिमेंट खाल्लं होतं. हे सगळं ती मनात म्हणत होती, आणि डोळे दाराखालच्या फटीवर होते. फटीतून लालसर पाण्याची एक रेघ आत येत होती.

आवाज थांबला. ती रेघही तिथल्या तिथे थांबली. बऱ्याच वेळाने जैनी उठली आणि ताट घेऊन बाहेर आली, नमिताला दाखवायला आणावं तसं. भात सगळा होता. फक्त कालवलेला, त्यात बोटांच्या खुणा उमटलेल्या. एक शीतही कमी झालं नव्हतं.

"जेवतेत," जैनी म्हणाली. "पोट नाही भरत."

५

हितेशने तो विषय एका सकाळी, शर्टाची बटणं लावताना काढला.

"तिसऱ्या मजल्याचं काय चाललंय? मला नाक्यावर दोघांनी विचारलं. कोण पुरुष येतो, कधी येतो, पोलिसांत माहिती दिली का. फुकटचं टेन्शन आहे डोक्याला."

"लोकांना काय, बोलायला काहीतरी पाहिजे."

"लोकांचं सोड. तू रोज वर जातेस. तू बघितलंस का काही?"

साधा प्रश्न होता. 'नाही' म्हटलं असतं तर तो पाकीट खिशात घालून निघून गेला असता. पण नमिता कित्येक दिवस ते एकटीच वागवत होती. कोणीतरी हुशार, उजेडातलं माणूस ते ऐकून हसेल, काहीतरी सोपं कारण सांगेल, असं तिला फार वाटत होतं. आणि तो नवरा होता.

"बूट असतात दारात," ती म्हणाली. "रोज. ओले."

हितेश हसला नाही. "म्हणजे खरं आहे," तो म्हणाला. "आणि तू मला बोलली नाहीस." पुढचं सांगायला ती तोंड उघडेपर्यंत तो बाहेर पडला होता.

संध्याकाळी त्याने भाविकाला जिन्यातच सांगितलं, महिनाअखेर दुसरीकडे बघा. आवाज चढवला नाही, वाईटवाकडं बोलला नाही. भाविकाने मान हलवली. तिला हे ऐकायची सवय होती.

मग ती नमिताच्या दारात आली. आत आली नाही.

"वहिनी, तुम्ही सांगितलंत?"

नमिता तिच्या चपलांकडे बघत राहिली.

"मी आमच्यासाठी नव्हते म्हणत," भाविका म्हणाली. "खोली काय, दुसरी मिळेल. मी तुमच्यासाठी म्हणत होते. उद्या वर येऊ नका."

६

तिने जायला नको होतं. तिला ते कळतही होतं. पण दुपार झाली, पुतळाआई घोरू लागली, आणि नमिता पंख्याखाली बसून कान देऊ लागली. वरून काही ऐकू येत नव्हतं. ना पाणी, ना भांडी, ना पहिल्या मजल्यावरचा टीव्ही. घरात एवढी शांतता तिने सासरे गेले त्या दिवशी ऐकली होती. वर ती बाई एकटी होती. आणि जे काही वाढणार होतं, ते नमिताच्या बोलण्याने वाढलं होतं.

ती उठली.

पहिला मजला ठीक होता. दुसऱ्याच्या वळणावर तिला पहिला जोड दिसला. मग पुढच्या पायरीवर दुसरा. तिसऱ्या मजल्यापर्यंत प्रत्येक पायरीवर बूट होते, भिंतीकडेनेही आणि कठड्याकडेनेही, मध्ये पाऊल टाकण्यापुरती जागा सोडून. कापडी हिरवे होते. आणि त्यांच्यात मिसळलेले दुसरे होते, काळे, चामड्याचे, जाड तळव्यांचे. दोन्ही सारखेच ओले, सारखाच लाल चिखल. एरवी जे एका दारात कधी थांबले नसते, ते शेजारी शेजारी नीट लावून ठेवले होते.

दार उघडं होतं.

आत खिडकीतलं ऊन गादीवर पडलं होतं. जैनी खोलीच्या मधोमध जमिनीवर बसली होती आणि तिच्याभोवती ताटं मांडली होती. आपण माणसं बघितली असं नमिता पुढे कधीच म्हणाली नाही. तिने एक ओली बाही बघितली. एक मनगट बघितलं, ताटात फिरणारं, भात कालवणारं, कधीच वर न येणारं. उन्हाच्या आड खूप पाठी याव्यात तशी बाकीची खोली काळोखी होती.

"कोणी सांगितलं?" कोणीतरी विचारलं. आवाज रागाचा नव्हता. थकलेल्या माणसाने तोच प्रश्न दारोदार विचारावा तसा होता.

सगळी मनगटं थांबली.

जैनीने नमिताकडे बघितलं. तिला माहीत होतं. लेकीने सांगितलं असेल, नाहीतर ते तिला असंच कळलं असेल. नमिताला वाटलं, हिने नुसतं बोट उचललं तरी पुरे. हिच्या नवऱ्याच्या वेळी कोणीतरी उचललंच होतं.

"माही पोरगी होय हे," जैनी म्हणाली. "हिले काही दिसत नाही."

आणि मग तिने नमिताला, रोजच्या आवाजात, विचारलं, "वाटी न्यायले आली का?"

नमिताला एक क्षण काही उमगलं नाही. मग उमगलं. वाटी न्यायला तिला आत जावं लागणार होतं.

"हो मावशी," ती म्हणाली. आवाज तिचाच होता. "कालवणाची वाटी राहिली होती."

ती आत शिरली. नजर समोरच्या भिंतीवर, जिथे कॅलेंडर होतं. कॅलेंडरवरच्या तारखा ती वाचत राहिली. ओली बाही तिच्या दंडाला घासली आणि ती बाजूला झाली नाही. पडद्याजवळ वाटी पालथी घातली होती. तिने ती उचलली. पदराने पुसली. "येते हं," म्हणाली.

खरं संकट जिन्यात होतं. वर येताना ती बूट चुकवत आली होती. आता सगळे तिच्या पाठीमागून बघत होते. ज्याला दिसत नाही, त्याने चुकवायचं नसतं. नमिताने कठड्यावर हात ठेवला आणि रोज उतरते तशी, सरळ, पाय टाकत उतरू लागली.

पहिल्या बुटावर तिचं पाऊल पडलं. ओलं कापड दबलं. पण पोकळ बूट दबावा तसं ते दबलं नाही.

बुटाच्या आत पाय होता. गरम.

ती उतरत राहिली.

७

पुतळाआईने तिला पाणी पाजलं, डोक्यावर हात ठेवला आणि सगळं ऐकून घेतलं. नमिताला वाटलं होतं, सासू मांत्रिकाचं नाव काढेल, नाहीतर मीठमिरच्या उतरवायला घेईल. पुतळाआईने तसलं काही केलं नाही.

"कोनी सांगितला, असा विचारला?" तिने विचारलं.

"हो."

"आनि तिने तुजा नाव नाय घेतला."

"नाही."

म्हातारी उंबऱ्याकडे बघत होती. "जमिनीचे लढ्याचे टायमाला," ती म्हणाली, "आमचे गावान पोलिसांच्या गाड्या शिरल्या. पोरं मिठागरान लपलेली. घराघरान इचारत फिरत होते, कोन कोन गेलता, सांगा. मी तवा नवी नवरी. मना सगळी नावा ठावकी होती गो. रातभर आमी बाया चुलीपुढे बसून एकच बोलत होतो, आमी कोनाला बगला नाय. आमी कोनाला बगला नाय." तिने डोळे पुसले. "एकीने सांगितला. मंग तिला जल्मभर कोनी पानी दिला नाय. ती बी घाबरलेलीच होती. आता कलतं."

हितेश संध्याकाळी आला, तेव्हा आईने त्याला चप्पल काढायच्या आधीच थांबवलं.

"तिसऱ्यावरच्या बाया जानार नाय."

"आये, अख्खं गाव बोलतंय."

"गाव माजे घराचा भाडा भरतं? घर तुजे बापाने माजे नावाव केलाय. ती बाय राहेल."

हितेशने नमिताकडे बघितलं. "तूच तर म्हणालीस, बूट असतात."

"मी काही बघितलेलं नाही," नमिता म्हणाली. नवऱ्याच्या तोंडावर एवढं सरळ खोटं ती आजवर बोलली नव्हती. ते किती सोपं होतं याचं तिला नवल वाटलं. हितेश दोघींकडे आळीपाळीने बघत राहिला, आणि मग पंखा लावून मोबाईल घेऊन बसला.

भाविका त्या आठवड्यात एकदाच खाली आली. डॉक्टरांनी गोळी बदलली म्हणाली. आई तुमची आठवण काढते म्हणाली. मग जाता जाता, न वळता, ती म्हणाली, "ती मला सांगत होती, माझी मोठी लेक खाली राहते."

८

त्यानंतर नमिता दुपारी गच्चीवर न जाता जैनीकडे जाऊ लागली. भीती गेली होती असं नाही.  पण ती बाई एकटी बसते हे आता सहन होत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर, मनाच्या तळाशी ती जुनी खोड अजून जिवंत होती. ते येतात कशाला? भूक भागत नाही, उत्तर मिळत नाही, तरी एवढं भिजून, एवढ्या लांब का येतात?

काही दिवस कोणीच आलं नाही. दोघी चटईवर बसत. नमिता कोळंबी सोलायची, जैनी तिला न कळणारं, तिच्या भाषेतलं काहीतरी हळू आवाजात गुणगुणायची. कधी दोन शब्द मराठीत सांगायची: नदीला तिकडे काय म्हणतात, मोहाची फुलं पहाटे कशी वेचतात. नवऱ्याचं नाव तिने एकदाच घेतलं आणि लगेच तोंडावर पदर धरला.

एका दुपारी बोलता बोलता तिचा आवाज जड झाला. नमिताने वळून बघितलं. जैनीची मान कलली होती. पाठ भिंतीवरून सुटली, डोकं हळूच नमिताच्या खांद्यावर आलं, तिथून मांडीवर घरंगळलं. तोंड किंचित उघडं. श्वास लांब, खोल, तान्ह्या मुलासारखा.

झोपली होती. इतक्या वर्षांनी.

नमिताने कोळंबीचं ताट बाजूला सरकवलं आणि हलायचं बंद केलं. पायाला मुंग्या आल्या तरी हलली नाही. संध्याकाळी भाविकाला काय सांगायचं, कसं सांगायचं, याचे शब्द ती मनात जुळवत होती.

तेव्हा जिन्यात पावलं वाजली.

जड, ओली. एकाची नव्हती. दुसरा मजला, वळण, मग तिसऱ्याच्या पायऱ्या. दारापाशी येऊन ती थांबली. नाड्या सुटू लागल्या. दाराच्या फटीतून लाल पाणी आत डोकावलं.

जैनीला उठवायला हवं होतं. वाढायचं कोण? उत्तर द्यायचं कोण? नमिताने तिच्या खांद्यावर हात ठेवला. बोटांखाली तिचा श्वास वरखाली होत होता. नमिताने हात तसाच राहू दिला.

दार उघडू लागलं. अगदी थोडं, बोटभर. फटीत ऊन नव्हतं, आणि त्या काळोखात वर, माणसाच्या उंचीवर, काहीतरी ओलं चमकलं. डोळा असावा. तो नमिताकडे बघत नव्हता. तिच्या मांडीवर झोपलेल्या बाईकडे बघत होता.

भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायची वेळ होती. आपल्याला काही दिसत नाही, असं वागायची वेळ होती. नमिताने सरळ त्या फटीकडे बघितलं.

"हळू या," ती कुजबुजली. "आई झोपलीय."

 समोरच्या घरात सोनलचा कुकर शिटी देत होता. दार तसंच राहिलं, पुढे आलं नाही, मागेही गेलं नाही.

मग बाहेर, आवाज होऊ नये म्हणून जपत, कोणीतरी पायरीवर बसलं. त्याच्या शेजारी दुसरं बसलं. मग खाली खाली, एकेका पायरीवर, सगळे बसत गेले.